आंबा जाणारच आहे, मग सडा तरी कशाला ठेवायचा?

पत्रातली अडचण थोडक्यात (नाव आणि गाव काढून टाकलंय): लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या आहेत, ठाण्याला नोकरी करतात. माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावात. घरामागच्या उतारावर वडिलांची हापूसची पन्नासेक कलमं आणि त्याच्या वर सात एकर सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. वडील सत्तरी ओलांडलेले, सगळं धाकटा भाऊ बघतो. गेली काही वर्षं आंबा धड लागत नाही, औषधाच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज वाढलंय. आता एका एजंटने सड्याला गिऱ्हाईक आणलंय, अर्ध्यावर चिरेखाण (जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण) आणि उरलेल्यात प्लॉटिंग. जमीन वडिलोपार्जित, म्हणून समोरचा वकील बहिणीची सही मागतोय. भाऊ म्हणतो, "तुला काय, वर्षातून दोनदा येतेस." वडील काही बोलत नाहीत. ताई विचारतात, "क्लायमेट चेंजमुळे आंबा असाही जाणारच आहे, सडा तर नुसता दगड, मग अडवून तरी काय करू? पण सही करायला हात उचलत नाही. त्यापेक्षा तिथं हजारभर झाडं लावली तर निदान पर्यावरणासाठी काही केल्यासारखं होईल का? आणि ठाण्यात एसीत बसून मला हे बोलायचा हक्क तरी आहे का?"

ताई, आधी एवढंच सांगते, ह्या महिन्यात सही करू नका. कायमची करू नका असं म्हणत नाहीये, फक्त आत्ता नको, कारण तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरून चाललायत आणि त्याच खऱ्या आहेत का ते बघायला थोडा वेळ लागेल. एजंटला घाई असते, जमिनीला नसते.

पहिली गोष्ट आंब्याची. तुमचा भाऊ जे सांगतो ते शंभर टक्के खरं आहे, तो आळशी नाही की रडका नाही. हापूसला मोहोर यायला पाऊस वेळेवर थांबायला लागतो, मग जमीन जरा सुकायला लागते आणि मग रात्रीची थंडी. आता पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, आणि कोवळी पालवी मोहोर देत नाही, ती आधी पक्व व्हायला लागते, तोवर जानेवारी उजाडतो. मग उशिरा मोहोर आला, कणी (बारीक फळ) धरली, की फेब्रुवारी-मार्चमध्येच ऊन असं तापतं की ती कणी गळून खाली पडते. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारींमधलं सगळ्यात जास्त होतं आणि बागायतदारांना ते हवामान खात्याने सांगायच्या आधी कलमाखाली पडलेल्या कण्यांवरून कळलं होतं. बरं थंडी जास्त दिवस टिकली तर चांगलं म्हणावं तर तेही नाही, मग ज्या फांदीला आधीच फळ धरलंय तिथंच पुन्हा मोहोर फुटतो आणि झाडाची ताकद त्या नव्या मोहोराकडे वळून हातातलं फळ गळतं. तुम्ही मार्चमध्ये गावी गेलात तर बघा, एकाच कलमावर एका फांदीला अंड्याएवढी कैरी, शेजारी वाटाण्याएवढी कणी आणि दक्षिणेकडच्या अंगाला नुकता फुललेला मोहोर असं तिन्ही एकदम दिसतं. आता फवारणी कुठल्याच्या हिशोबाने करायची? मोहोराला तुडतुडे आणि फुलकिडे, ढगाळ हवा आली की भुरी आणि करपा, फळ मोठं झालं की फळमाशी, म्हणजे तिन्ही टप्प्यांची औषधं एकाच वेळी. भावाची उधारी तिथंच वाढलीय.

त्यात वादळं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, ऐन काढणीत, किनाऱ्याला लागून वर गेलं आणि झाडावरचा आंबा जमिनीवर आला. अरबी समुद्राचं पाणी पूर्वीपेक्षा गरम झालंय आणि त्याने वादळाला जोर मिळतो. २०१५ पासूनची वर्षं जगातली आजवरची मोजलेली सगळ्यात गरम वर्षं आहेत आणि २०२४ सालाचं जगाचं सरासरी तापमान कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा दीड डिग्रीच्या वर गेलं. कोळसा आणि तेल जाळून जे आकाशात गेलंय ते तुमच्या भावाने पाठवलेलं नाही, पण बिल त्याच्या अंगणात आलंय. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच बोलायला हवा.

पण "जाणारच आहे" हे मात्र मी मान्य करणार नाही. हापूस अवघड झालाय आणि बेभरवशाचा झालाय. संपलेला नाही. हे दोन्ही एकच समजलं की माणूस हात सोडून देतो. आणि मला हे वाक्य आणखी एका कारणाने खटकतं. हल्ली जमिनीचे व्यवहार करणारेही हेच बोलायला शिकलेत, "आता शेतीत काय राहिलंय, हवामान बघताय ना". पूर्वी विकासाच्या नावाने जमीन मागायचे, आता हवामानाच्या भीतीने मागतात. तुमच्या पत्रात ते वाक्य तुमचं म्हणून आलंय, पण एकदा आठवून बघा, घरात ते पहिल्यांदा कोण बोललं.

आणि सगळंच आकाशाच्या माथी मारण्यासारखं नाहीये हेही भावाशी बोला. तुम्ही लिहिलंय की मधली काही वर्षं बाग कराराने दिली होती. कराराने घेणारा माणूस दोन-तीन वर्षांचा पाहुणा, त्याला दरवर्षी फळ हवं असतं, मग तो पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार ओततो. कल्टारने मोहोर लवकर आणि भरपूर येतो, हापूस एक वर्षाआड फळतो त्यावर तो इलाज आहे आणि मापात दिला आणि सोबत खत भरपूर घातलं तर ठीक आहे. पण ज्याला झाडाशी काही देणंघेणं नाही तो माप बघत नाही आणि खत घालत नाही, मग झाड खंगतं, पालवी गुच्छासारखी आखूड येते, आणि करार संपल्यावर मालकाच्या हातात दमलेलं झाड येतं. हे हवामानाचं काम नाही, ह्याला उपाय आहे. काही वर्षं कल्टार बंद, शेणखत, ओल टिकवायला बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन. उंच गेलेली जुनी कलमं टप्प्याटप्प्याने छाटून खाली आणायची, म्हणजे फवारणीचं औषध आणि मजुरी दोन्ही कमी होतं, फक्त छाटलेलं झाड पुन्हा फळावर यायला काही वर्षं जातात म्हणून सगळी एकदम छाटायची नाहीत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ हे शिकवतं, जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. फळमाशीला त्यांचा रक्षक सापळा आहे, फळाला कागदी पिशवी घालायची पद्धत आहे, आणि सगळं हापूसवरच ठेवायचं नसेल तर त्यांचेच रत्ना आणि सिंधू आहेत, रत्नात हापूससारखा साका (आतून गर खराब होणं) होत नाही. घराजवळ रातांबे (कोकम) आणि फणस वाढवा, ते हापूसएवढे नाजूक नाहीत. ह्यातलं काहीही जादू नाही, पण पन्नासच्या पन्नास अंडी एकाच टोपलीत असण्याचा धोका तरी कमी होतो. फळपीक विमा भाऊ दरवर्षी काढतोय का तेही बघा, हवामानावर आधारित आहे, अवेळी पाऊस, जास्त तापमान, वारा ह्यांच्या ठरलेल्या आकड्यांवर भरपाई मिळते, आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात. ते केंद्र कुठं बसवलंय आणि चालू आहे का हे विचारायचा हक्क बागायतदाराला आहे.

आता सडा. इथं मला जरा जास्त बोलायचंय कारण पत्रात तुम्ही त्याला एका ओळीत संपवलंत. "नुसता दगड."

तुम्ही मे महिन्यात जाता आणि गणपतीत जाता, पण गणपतीत घरातून बाहेर पडायला वेळ मिळत नसेल. मे मध्ये सडा खरंच काळा तापलेला तवा असतो, चप्पल घालूनही पाय भाजतो. पण जूनचे पहिले चार पाऊस झाले की तिथं काय होतं ते बघा. दगडाच्या खोलगट जागांमध्ये बोटभर माती असते, त्यात दीपकाडी फुलते, पांढरी, ही कोकणातल्या सड्यांचीच. मग श्रावण-भाद्रपदात जिथं पाणी साचून पातळ थर असतो तिथं गेंदाचे पांढरे ठिपके आणि सीतेची आसवं निळी-जांभळी, अख्ख्या सपाटीवर. सीतेची आसवं किडे खाणारी वनस्पती आहे, त्या जागेत माती इतकी कमी आणि इतकी निकस की पोट भरायला तिला दुसरा मार्ग नाही. सुटा दगड उचललात तर (हळू उचला, फुरसंही असतं, आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवा) खाली विंचू, बेडकाची पिल्लं, कधी देवगांडूळ. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहणारी एक छोटी पाल आहे, पांढऱ्या पट्ट्यांची, ती जगात दुसरीकडे कुठं नाही, फक्त ह्या आपल्या किनारपट्टीच्या कातळांवर. टिटवी अंडी उघड्या दगडावर घालते. उरलेल्या वर्षात गुरं चरतात आणि गवत निघतं.

आणि पाणी. तुमच्या घराची विहीर कुठं आहे? पत्रात नाहीये, पण मी पैज लावते की उताराच्या पायथ्याशी, कलमांच्या खालच्या अंगाला असणार, कारण कोकणात घरं तशीच बसलीत. वर सडा, मध्ये उतार, खाली झरा, झऱ्याजवळ विहीर आणि विहिरीजवळ वाडी. जांभा दगड आतून छिद्रांचा असतो, भेगांतून पाणी खाली जातं, खाली चिकणमातीचा थर लागला की तिथं अडतं आणि मग उताराच्या बाजूने झऱ्याने बाहेर पडतं, हळूहळू, पावसाळा संपल्यावरही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो, म्हणजे प्रश्न पाऊस किती पडला ह्याचा नाही, किती अडला ह्याचा आहे. आता त्या सड्यात चिऱ्याची मशीन घातली आणि दहा-वीस फूट खोल चौकोनी खड्डे पडले तर वरचा जांभा, जो पाणी धरून ठेवत होता, तोच ट्रकात भरून गेला. भावाला सडा विकून जे पैसे मिळतील त्यातून त्याला बोअर मारायला लागली तर? हा प्रश्न त्याला पर्यावरणाचा म्हणून विचारू नका, विहिरीचा म्हणून विचारा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, उन्हाळ्यात पाण्याची पातळी किती उतरते हे तोच बघतो. वडिलांनाही विचारा, त्यांच्या लहानपणी झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा. गप्प बसलेली म्हातारी माणसं असल्या प्रश्नावर बोलतात, विकू का ह्या प्रश्नावर बोलत नाहीत.

एक अजून बघा. तुमच्या भागात सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, उक्षी, जांभरुण ही नावं तुम्ही ऐकली असतील, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. माणसं, मासे, हत्ती, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी ह्याच जांभ्यात खोदलेले. त्यातली कित्येक कुणा ना कुणाच्या खासगी सड्यावर निघाली, गुराख्यांना माहीत होती, मालकाला नव्हती. तुमच्या सात एकरात असतीलच असं नाही, पण खाण पडायच्या आधी गावातल्या जुन्या गुराख्याला बरोबर घेऊन एकदा चालून बघायला काय हरकत आहे. मशीन फिरल्यावर बघायला काही उरत नाही.

आता तुमच्या हजार झाडांच्या कल्पनेबद्दल. तुमची तळमळ कळते पण ताई, तिथं झाडं लावू नका. सडा हे उजाड झालेलं जंगल नाही, तो मुळातच उघडा असतो, तिथलं सगळं जगणं त्या उघडेपणावर बेतलेलं आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, त्यात कोकणात आंबा-काजू खूप वाढला, लोकांना उत्पन्न मिळालं, त्या योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच काळापासून सड्यावरही सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून शेतातली माती ट्रकने वर आणायची आणि कलम लावायचं हे सुरू झालं, आणि अशा बागांना मग उन्हाळाभर पाणीही वर चढवायला लागतं. हिरवं दिसतं म्हणून ते निसर्गाचं काम असं धरून चालू नका. कुणी कंपनीच्या पैशातून मोफत रोपं देतो म्हणाला तरी सड्यासाठी नाही म्हणा. झाडं लावायचीच असतील तर खालच्या उताराला, ओढ्याच्या काठाला, जिथं ती पूर्वी होती आणि तोडली गेली तिथं लावा, आणि तिथलीच, किंजळ, ऐन, जांभूळ, आंबाडा. सड्यासाठी करायचं काम फार थोडं आहे. तो आहे तसा ठेवायचा आणि वणव्यापासून राखायचा, म्हणजे गवत सुकायच्या बेताला, डिसेंबर-जानेवारीत, कडेने पट्टा साफ करायचा, कारण सड्यावरून आलेला वणवा खाली कलमांत शिरला की एका दुपारी वीस वर्षांची झाडं जातात.

पण हे सगळं करणार कोण? तुमचा भाऊ. आणि इथं मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय.

"तुला काय, वर्षातून दोनदा येतेस" हे तुम्हाला लागलं हे पत्रावरून कळतं. पण त्याच्या बाजूने बघा. शहरात गेलेल्या आपण सगळ्यांनाच गाव आहे तसं हवं असतं, सडा हवा, विहीर हवी, चिऱ्याचं घर हवं, मे महिन्यात आंबा हवा आणि वर्षभर हे सगळं कुणीतरी राखावं असं वाटतं, फुकट. राखणारा माणूस मात्र औषधाच्या दुकानात तोंड चुकवत फिरतो, मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी हात पसरतो. त्याला सडा विकायला हौस नाही आलीये, त्याच्याकडे विकण्यासारखं तेवढंच आहे. तुम्ही सही अडवलीत आणि दुसरं काहीच केलं नाहीत तर निसर्ग वाचवल्याचं समाधान तुम्हाला आणि कर्ज त्याला, असं होईल, आणि पुढच्या दहा वर्षांत गावातल्या कुठल्याही माणसाला पर्यावरण ह्या शब्दाचा राग येईल. त्यामुळे माझं मत असं आहे की नाही म्हणायचं असेल तर पैसे टाकून नाही म्हणा.

म्हणजे काय? एकदा शनिवार-रविवार काढून जा, सण नको, लग्न नको, फक्त ह्याच कामासाठी जा. भावाबरोबर बसून कर्जाचा खरा आकडा काढा, सोसायटीचं किती, दुकानाचं किती, हातउसने किती. बहुतेक घरांत हा आकडा बहिणींना माहीतच नसतो आणि बहुतेक वेळा तो जमिनीच्या किमतीपेक्षा खूपच कमी असतो. अडचण पाच लाखांची आणि विकायला निघालेत कायमची जमीन, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. तो आकडा तुमच्या आवाक्यातला असेल तर त्यातला तुमचा वाटा उचला, भावाला दिलेली मदत म्हणून नाही, तुमच्याही जमिनीचा खर्च म्हणून. वर्षाला राखणीचे ठरावीक पैसे पाठवा, वणव्याचा पट्टा, गडग्याची (दगडी कुंपणाची) डागडुजी, मजुरी. आणि त्याचा कागद करा, साधा, दोघांच्या सहीचा, कारण पुढच्या पिढीत हेच पैसे "आत्याने दिले की नाही" ह्या भांडणाचं मूळ होतात.

आकडा आवाक्याबाहेरचा असेल तर मग काहीतरी विकायला लागेल आणि तेही मी पाप म्हणणार नाही. पण मग काय विकायचं आणि कुणाला हे तरी आपल्या हातात ठेवा. सात एकर एकगठ्ठा खाणीला देणं आणि रस्त्याकडेचा एखादा तुकडा घर बांधणाऱ्याला देणं ह्यात खूप फरक आहे. विहिरीच्या वरचा भाग कुठल्याही परिस्थितीत शेवटपर्यंत ठेवा. चिरेखाणीला जमीन विकण्याऐवजी "फक्त दगड काढायला देऊ, जमीन आपलीच राहील" असंही कुणी सुचवेल, त्याला तर अजिबात होकार देऊ नका, कारण खड्डा तुमच्या नावावर राहतो. परवान्याशिवाय किंवा परवान्यापेक्षा जास्त काढलं तर दंड दगडाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो आणि नोटीस सातबाऱ्यावर ज्यांचं नाव त्यांच्या घरी येते, काढणारा तोवर दुसऱ्या गावात गेलेला असतो.

कागदाचं थोडं. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाएवढाच जन्मतः हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते पुन्हा पक्कं केलं, म्हणून वकील तुमची सही मागतोय, उपकार म्हणून नाही. तुमच्यासमोर नेमका कुठला कागद ठेवलाय तो नीट वाचा. एका गटाच्या विक्रीला संमती ही एक गोष्ट आणि हक्कसोडपत्र ही वेगळी गोष्ट, हक्कसोडपत्रात कधी कधी सगळे गट नंबर एका ओळीत घातलेले असतात आणि मग सड्याबरोबर बाग आणि घरही गेलं. आपला वकील वेगळा करा, समोरच्याचा वापरू नका. सातबारा, आठ-अ आणि मोजणीचा नकाशा काढा, सडा सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला निरुपयोगी) म्हणून लागलेला असेल, त्याने भाव पाडून मागतात, ते बघून घ्या. तुमच्यासारखी परिस्थिती असलेल्या इतर बहिणींनाही हेच सांगेन, सही मागितल्यावर कागद बघू नका, त्याच्या आधी बघा, तेव्हा घरात वातावरण शांत असतं.

राखायचे पैसे बाहेरून मिळतात का, हेही तुम्ही विचारलंत. थोडीफार उदाहरणं आहेत. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने खासगी जंगलाच्या मालकांशी करार करून जंगल न तोडण्याचा मोबदला दिलाय, पण ते जंगल आहे, सडा नाही, त्यामुळे ह्या पैशावर आत्ताच हिशोब बांधू नका. जवळचा आणि बिनखर्चाचा मार्ग ग्रामपंचायतीतून जातो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ गावांत ती कुणीतरी बसून घाईत भरलेली असते आणि सड्याचं नावच नसतं. तुमच्या सड्यावर काय फुलतं, झरे कुठं निघतात, गुरं कोणाची चरतात हे त्यात लिहून घ्या. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बांबर्डे गावातली रानजायफळाची दलदल आणि आंबोलीतलं हिरण्यकेशीच्या माशाचं ठिकाण, दोन्ही २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झालीत, म्हणजे एवढ्याएवढ्याशा जागांनाही संरक्षण मिळू शकतं, पण कुणीतरी आधी नोंद केलेली असली पाहिजे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेची वाट बघत बसू नका, गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, आणि जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा मसुदाच निघाला होता.

शेवटचा तुमचा प्रश्न, एसीत बसून बोलायचा हक्क आहे का. आहे. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी कार्बन भारतातला माणूस सोडतो, त्यात तुम्ही सरासरीपेक्षा थोड्या वर असाल, तर वीज जपून वापरा, लोकलने जाताच आहात, चांगलंच आहे. पण अपराधी वाटतंय म्हणून गप्प बसणं ह्याचा सड्याला काडीचा उपयोग नाही. जगाचं तापमान तुमच्या सहीने कमी होणार नाही आणि वाढणारही नाही. ह्या सात एकरांचं काय होणार ते मात्र त्या सहीवर ठरणार आहे, आणि इतकं नेमकं काहीतरी हातात असणं फार कमी लोकांच्या वाट्याला येतं. आकाशातला बदल आणि जमिनीवर आपण केलेला बदल हे एकमेकांत मिसळून बघितले की दोन्ही आपल्या हाताबाहेरचे वाटायला लागतात. उलट आकाश जितकं बिघडत जाईल तितका वरचा पाणी धरणारा सडा आणि खालची विहीर ह्यांचा भरवसा जास्त लागणार आहे, भावाला, त्याच्या मुलाला.

ह्या वर्षी गणपतीला दोन दिवस आधी जा. सकाळी पावसाने उघडीप दिली की भावाला आणि तुमच्या मुलीला घेऊन वर चढा, वडिलांना जमत असेल तर त्यांनाही हळूहळू न्या, पायात बूट घाला, गवतात बघून पाय टाका. वर त्याला काहीही समजावू नका, खाली आल्यावर कर्जाची वही काढा. एजंटचा फोन आला तर भावानेच सांगू दे, बहीण येतेय, गणपतीनंतर बघू.